दुप्पट आकड्याची कुळकथा

आपल्याकडच्या कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवर ठळक छापलेला आकडा हे विमा कंपनीचं कुंपण असतं. पाच लाखांची पॉलिसी म्हणजे पाच लाख संपले की कंपनी मोकळी, पुढचं घरच्यांनी बघावं. अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनांमध्येही असाच एक महत्त्वाचा आकडा असतो, पण त्याचं तोंड उलट्या दिशेला असतं. वर्षभरात कुटुंबाने स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त किती भरायचं, हे तो सांगतो. तेवढे पैसे गेले की मान्य उपचारांचं त्या वर्षातलं उरलेलं बिल योजनेच्या माथी. वरवर पाहता ही रुग्णाच्या कळवळ्यातून आलेली सोय वाटते. प्रत्यक्षात, रुग्णाने बिलाचा वाटा भरलाच पाहिजे असं म्हणणाऱ्यांनीच या मर्यादेचा पाया घातला. त्यांच्या मांडणीत ती कुटुंबाच्या उत्पन्नाशी बांधलेली होती. पुढे कायद्याच्या कारखान्यात ही गाठ सुटली आणि नुसता डॉलरचा आकडा उरला. ती सुटायला नको होती, आणि सुटली याला कुठलंही सबळ कारण नव्हतं, असं माझं मत आहे.

मूळ शोधायचं तर १९२९ पर्यंत मागे जावं लागतं. डॅलसच्या बेलर रुग्णालयाने तेव्हा शाळाशिक्षकांना महिना ५० सेंटमध्ये वर्षाला २१ दिवसांची रुग्णालयसेवा देऊ केली. ब्लू क्रॉस या अमेरिकी आरोग्य विमा योजनांचा वंश तिथून सुरू होतो. त्यात मोजमाप दिवसांचं होतं, रुग्णाच्या वाट्याची टक्केवारी नव्हती. ती आली १९४९ च्या सुमारास, मोठ्या आजारांसाठीच्या ‘मेजर मेडिकल’ विम्यासोबत. सुरुवातीची ठरावीक रक्कम रुग्णाने भरायची, त्यापुढच्या बिलाचे वीस-पंचवीस टक्केही त्यानेच भरायचे आणि वर कंपनीने आपल्या देण्यालाच कमाल मर्यादा घालायची, अशी त्याची घडण होती. म्हणजे कंपनीला छप्पर होतं, रुग्णाला नव्हतं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सप्टेंबर १९५९ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य लाभाचा कायदा मंजूर केला आणि जुलै १९६० पासून योजना सुरू झाल्या, तेव्हा बाजारात हाच नमुना रूढ होता. कर्मचाऱ्यांना अनेक योजनांतून निवड मिळाली, हे त्या कायद्याचं मोठं वैशिष्ट्य. १९६६ मध्ये वृद्धांसाठीचा मेडिकेअर सुरू झाला, तेव्हा त्यातही डॉक्टरांच्या बिलाचे २० टक्के रुग्णावर आले. मूळ मेडिकेअरमध्ये त्या २० टक्क्यांना आजतागायत मर्यादा नाही. दीडशे डॉलरच्या बिलाचे वीस टक्के कुणालाही जड जात नाहीत; दीड लाखाच्या बिलाचे वीस टक्के घर विकायला लावतात.

रुग्णाच्या बाजूला छप्पर घालण्याचा युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञांकडून आला. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं, की ठरावीक हप्त्यात धोका टाळू पाहणाऱ्या माणसाला सर्वांत फायद्याचा विमा म्हणजे आधीची एक रक्कम स्वतः सोसायची आणि त्यावरचं सगळं विम्याने. १९७१ मध्ये मार्टिन फेल्डस्टीन यांनी यालाच धोरणाचं रूप दिलं. साध्या उपचारांचा खर्च लोकांनी करावा, मोठ्या संकटाचा विम्याने, आणि दोहोंमधली सीमा कुटुंबाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात असावी, असं त्यांचं म्हणणं. मग रँड संस्थेचा प्रसिद्ध प्रयोग झाला. १९७४ पासून डेटन, सिॲटल आणि इतर ठिकाणच्या कुटुंबांना वेगवेगळ्या योजनांत घातलं. कुणाला सगळं फुकट, तर कुणाच्या वाट्याला बिलाचे २५, ५० किंवा ९५ टक्के. पण कोणत्याही कुटुंबाचा वर्षाचा वाटा त्याच्या उत्पन्नाच्या ५, १० किंवा १५ टक्क्यांपुढे जाणार नाही आणि कोणत्याही परिस्थितीत हजार डॉलर ओलांडणार नाही, अशी अट होती. बहुतेक योजनांत मोजणी माणसागणिक नव्हती, अख्ख्या कुटुंबाची होती. प्रमाण उत्पन्नाचं आणि एकक कुटुंब, या दोन्ही गोष्टी इतक्या नेटक्या स्वरूपात एकत्र पुन्हा क्वचितच दिसल्या.

आजचा आकडा मात्र या प्रयोगातून सरळ उतरलेला नाही, तो करकायद्याच्या वाटेने आला. २००३ च्या कायद्याने आरोग्य बचत खात्यांना करसवलत दिली आणि त्यासोबतच्या योजनांना अट घातली, की २००४ मध्ये खिशातला खर्च एकट्यासाठी ५,००० आणि कुटुंबासाठी १०,००० डॉलरपेक्षा जास्त होता कामा नये. ओबामांच्या २०१० च्या आरोग्य कायद्याने तेच आकडे महागाईनुसार वाढवून उचलले. २०१४ मध्ये ते ६,३५० आणि १२,७०० होते. त्यानंतर त्यांची वाढ विम्याच्या हप्त्यांच्या वाढीशी जोडली गेली. २०२५ मध्ये कायद्याची कमाल ९,२०० आणि १८,४०० होती. म्हणजे उत्पन्नाशी नातं असायला हवं त्या आकड्याचं नातं हप्त्याशी लागलं. हप्ते महागले की संरक्षणही पातळ होतं. कुटुंबाचा आकडा दुप्पट, इतकंच. तो दोघांसाठीही तेवढाच आणि सहा जणांसाठीही तेवढाच. २०१६ पासून कुटुंबातल्या प्रत्येकाला एकट्याची मर्यादाही लागू झाली. तोवर काही योजनांत घरातला एकटा माणूस आजारी असला, तरी अख्ख्या कुटुंबाची रक्कम भरेपर्यंत सुटका नव्हती. सुधारणा चांगलीच, पण तिचा एक परिणाम गमतीचा. सरकारी कर्मचाऱ्यांना ‘स्वतः अधिक एक’ हा पर्याय त्याच वर्षी मिळाला, आणि त्या दोघांच्या बाबतीत दुप्पट आकड्याला कायद्यापुरता काही अर्थच उरला नाही. दोघांच्या वैयक्तिक मर्यादांची बेरीज तेवढीच होते.

केंद्रीय योजनांपैकी बऱ्याच कायद्याच्या कमालीपेक्षा कमी मर्यादा ठेवतात, हे खरं. पण समजा मर्यादा १२,००० डॉलर आहे. १,६०,००० डॉलर पगाराच्या अधिकाऱ्याला ती साडेसात टक्के पडते. ४८,००० पगाराच्या लिपिकाला ती एक चतुर्थांश पगाराएवढी, म्हणजे रँडच्या सर्वांत कडक अटीहूनही जाचक. यावर पहिला आक्षेप खर्चाचा. कमी पगारवाल्यांची मर्यादा उतरवली तर हप्ते वाढतील. वाढतील, थोडे. पण मर्यादा गाठेपर्यंत आजारी पडणारी कुटुंबं मोजकीच असतात, आणि मोजक्यांचं ओझं सगळ्यांनी वाटून घेणं याखेरीज विमा म्हणजे दुसरं काय? शिवाय हप्त्याचा मोठा भाग सरकार भरतं: सगळ्या योजनांच्या भारित सरासरीच्या ७२ टक्के, मात्र कोणत्याही योजनेच्या ७५ टक्क्यांपर्यंतच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मर्यादा खाली आणली की लोक ती लवकर ओलांडतील आणि मग बेफिकीर उपचार घेतील. रँडचेच निष्कर्ष इथे उपयोगी पडतात. फुकट योजनेच्या तुलनेत ९५ टक्के वाटा भरणाऱ्यांचा खर्च सुमारे तीस टक्के कमी झाला खरा, पण तो घटला मुख्यतः दारातच. लोक डॉक्टरकडे कमी गेले. एकदा उपचार सुरू झाले की त्यांच्या खर्चात फारसा फरक पडला नाही. रुग्णालयात दाखल झालेले बहुतेक लोक तर मर्यादेपलीकडे जातच होते. तेव्हा लोकांना आवरायचं काम पहिल्या काही शे डॉलरांनी होतं, वरच्या हजारांनी नव्हे. वरच्या हजारांनी फक्त आजारी कुटुंबाकडून वसुली होते. दाराशी झालेली काटकसरही निव्वळ फायद्याची नव्हती. लोकांनी अनावश्यक उपचारांइतकेच आवश्यक उपचारही टाळले, आणि उच्च रक्तदाब असलेल्या गरीब रुग्णांचं त्यात नुकसान झालं.

तिसरा आक्षेप कारकुनी. योजनेला पगार कुठून कळणार, आणि जोडीदाराची कमाई? पण इतरत्र हे जमतं. जर्मनीत सरकारी आरोग्य विम्यातल्या सहभागाची मर्यादा कुटुंबाच्या ढोबळ वार्षिक उत्पन्नाच्या २ टक्के आहे, दीर्घ आजारी माणसासाठी १ टक्का. अमेरिकेच्या त्याच २०१० च्या कायद्यात, विम्याच्या सरकारी बाजारमंचावर स्वतः विमा घेणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ही मर्यादा उत्पन्नानुसार खाली येते. मात्र नोकरीतून विमा मिळणाऱ्याला ती सोय लागू नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर मालक स्वतः सरकार आहे, पगारपत्रक त्याच्याच हातात. मुंबई-पुणे-नागपूरपर्यंत पसरलेल्या आपल्या केंद्र सरकारी आरोग्य योजनेत (सीजीएचएस) वर्गणी कर्मचाऱ्याच्या पगारश्रेणीवर ठरते: २०१७ पासून महिना २५० रुपयांपासून १,००० पर्यंत, चार टप्प्यांत. जोडीदाराची मिळकत त्यात धरली जात नाही, म्हणजे हिशेब ओबडधोबडच, तरी गाडा चालतो. (ठरलेल्या दरापेक्षा जास्त आलेल्या बिलाचा फरक सोसायला मात्र तिथे छप्पर नाही.) तसेच चार टप्पे अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या मर्यादेला लावता येतील: वरचा टप्पा आजच्या आकड्यावर, खालचे क्रमाने उतरते. वरच्या पगाराच्या कुटुंबाची मर्यादा त्याने एका डॉलरनेही वाढत नाही.