प्रतापगड : प्रत्येक पिढीचा खान वेगळा



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, मग राजकारणात इतिहास आणायचाच नाही का?" प्रश्न चांगला होता, आणि आम्ही तो घाईत उडवून लावला. आज त्याचं नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

सुरुवात जरा लांबून करू. ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकेच्या संसद भवनात जमाव घुसला. त्यात शिंगांची टोपी घातलेला, अंगावर उत्तर युरोपातल्या जुन्या देवांची चिन्हं गोंदलेला एक माणूस होता. अनेकांनी त्याला 'व्हायकिंग' म्हटलं. आता गंमत बघा. व्हायकिंग योद्धे शिंगांचं शिरस्त्राण घालत होते, याला पुरावाच नाही. ती शिंगं लोकांच्या मनात रुजली ती मुख्यतः १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला झालेल्या वाग्नरच्या संगीत नाटकांच्या वेशभूषेतून. पुढे डेन्मार्क-नॉर्वेच्या तरुणांना भरती करताना नाझींनी हाच व्हायकिंग पुढे केला. खरे व्हायकिंग लूट करायचे, तसा व्यापारही करायचे. त्यांच्या घरांत अरबी चांदीची नाणी सापडतात. वंशशुद्धीचं वेड मागाहून त्यांच्या माथी मारलं गेलं.

हे ऐकून आपल्याला हसू येतं, कारण ती शिंगं दुसऱ्याची आहेत. आता आपल्या घरी येऊ.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली. काचेपुढे रांगा लागल्या. आम्हीही रांगेत उभे होतो. साताऱ्याचा पहिला इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला ती भेट मिळाली होती. ती महाराजांनीच वापरलेली आहेत हे सिद्ध करता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. पण आम्हाला रस आहे तो त्या वाघनखांच्या पेटीत. पेटीवरच्या इंग्रजी मजकुरात म्हटलंय, की या शस्त्रानं शिवाजीनं 'मोगल सेनापती'ला मारलं. मोगल? अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता! म्हणजे खान कोण, हे बदलायला पेटीपासूनच सुरुवात झाली.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली काय घडलं, ते थोडक्यात आठवू. जावळी महाराजांकडे गेली होती. विजापूर दरबारानं खानाला धाडलं, आणि वाई हा त्याचा जुना मुलूख. वाटेत त्यानं तुळजापूर-पंढरपूरला उपद्रव दिला असं बखरी सांगतात, आणि तो राग खोटा नव्हता. पण दोन्ही बाजूंची माणसं मोजा. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांचा वकील पंताजी गोपीनाथ. मावळातले कान्होजी जेधे महाराजांकडे, तर तिथलेच खंडोजी खोपडे खानाकडे. दोन राज्यांची झुंज होती ती, आणि एकाच खोऱ्यातली घरं त्यात दुभंगली होती. खानाची कबर गडाच्या पायथ्याशी झाली.

आता या एका दिवसाचं पुढं काय झालं?

१८९७ चा जून. पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव. खानाचा वध न्याय्य होता का, यावर चर्चा झाली. टिळकांनी गीतेचा आधार घेऊन सांगितलं, की निःस्वार्थ बुद्धीनं केलेल्या अशा कृत्याचा दोष लागत नाही. 'केसरी'त वृत्तांत आला. आठवड्याभरात, २२ जूनला, रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वर्षीचा खान इंग्रज होता.

१९५७. नाना पाटील, म्हणजे सातारा-सांगलीच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्यातून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण करायला आले. मुख्यमंत्री होते याच मातीतले यशवंतराव चव्हाण. समितीनं मोठी निदर्शनं केली. गडावर महाराज, गडाखाली महाराजांचाच जयघोष, आणि मधून पंतप्रधानांची गाडी! त्या वर्षी खानाच्या जागी दिल्ली होती. तीन वर्षांत महाराष्ट्र राज्य झालं.

आणि मग सप्टेंबर २००९. मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवर अफजलखान वधाचं चित्र लागलं. त्यावरून दंगल पेटली. सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेली. संचारबंदी लागली. आम्ही तेव्हा त्या भागात शिकवत होतो. वर्ग पुन्हा भरले, तेव्हा मुलं वेगवेगळ्या बाकांवर बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बसली होती. आम्ही त्या दिवशी ठरलेला धडा शिकवला आणि बाहेर आलो. एक शब्द बोललो नाही. मित्रहो, तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत सगळ्यात जास्त टोचते ती ही गप्प राहण्याची गोष्ट. तुमच्या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही उडवून लावलं, त्याचं मूळही बहुधा तिथंच आहे.

फरक लक्षात येतोय का? चित्र तेच आहे. पण १८९७ चा खान सत्तेवर होता, फासावर देऊ शकत होता. १९५७ चा खान सरकार चालवत होता. २००९ चा खान शेजारच्या गल्लीत राहत होता. त्याच्याकडे ना विजापूरची फौज, ना दिल्लीची खुर्ची.

म्हणून उत्तर असं : राजकारणात इतिहास येणारच. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये महाराजांवर पोवाडा रचून 'कुळवाडीभूषण' म्हटलं, तेही राजकारणच होतं, शेतकऱ्याला उभं करणारं. इतिहास येऊ द्यावा. फक्त दर वेळी विचारावं, की आज खानाच्या जागी कोणाला उभं केलंय? तो आपल्यापेक्षा बलवान आहे की दुबळा? बलवानापुढे उभं राहायला इतिहास धीर देतो. दुबळ्यावर धावून जाताना महाराजांचं नाव घेतलं, तर ते महाराजांच्या कोणत्याच गुणात बसत नाही.

शेवटी मिरजेचीच एक गोष्ट. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम संपलं, तेव्हा त्या हातांनी भोपळे कोरले, तारा लावल्या. आज देशभरचे गवई त्यांच्या तंबोऱ्याशी सूर जुळवतात. त्यांनी आपला वारसा टाकला नाही, हातातलं कसब तेच ठेवलं. त्याचं काय करायचं, ते मात्र त्यांनी स्वतः ठरवलं.

तुमचे प्रश्न आता जरूर विचारा. या वेळी उडवून लावणार नाही.