पर्यावरण शिक्षण : वर्गात ४५ तासिका, क्षेत्रभेटीला ५

पदवीच्या विद्यार्थ्याला, मग तो वाणिज्य शाखेचा असो वा संस्कृतचा, पर्यावरण हा विषय शिकावा लागतो तो सर्वोच्च न्यायालयामुळे. ॲड. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने हा विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली आणि तब्बल एका तपानंतर, डिसेंबर २००३ मध्ये, न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा सामाईक अभ्यासक्रम महाविद्यालयांत रुजला तो त्यानंतर.

या अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तक पुण्यात लिहिले गेले. भारती विद्यापीठाने १९९३ मध्ये स्थापन केलेल्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेचे संचालकपद भूषविणारे डॉ. इराच भरुचा हे त्याचे लेखक. ते पेशाने शल्यचिकित्सक!

आठ घटक, ५० तासिका अशी मूळ आराखड्याची रचना होती. त्यांपैकी ४५ तासिका वर्गातल्या आणि पाच क्षेत्रभेटीच्या. मात्र १०० पैकी २५ गुण या क्षेत्रकार्याला होते. परिसरातील नदी, टेकडी वा गवताळ रान पाहून नोंदी करणे, एखाद्या प्रदूषित स्थळाला भेट देणे, नेहमीच्या वनस्पती, कीटक, पक्षी ओळखणे, असे त्याचे स्वरूप होते. व्यवहारात अनेकदा गेल्या वर्षीची प्रकल्पवही उतरवून हे गुण पदरात पाडून घेतले जातात, हे उघड गुपित आहे.

पुण्यात तरी याला सबब नाही. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या पाठीशीच टेकडी आहे. डेक्कन परिसरातून मुठेचा काठ काही मिनिटांवर. प्रदूषित स्थळ शोधायचे तर भिडे पूल गाठला तरी पुरे. खडकवासल्याचे पाणी शहराच्या नळांना येते आणि सांडपाणी होऊन मुळा-मुठेतून भीमेत, पुढे उजनीच्या जलाशयात जाते, हा धडा काठावर उभे राहून जितका उमगतो तितका फळ्यावरून नाही.

वेताळ टेकडीचा धडा याहून सूक्ष्म आहे. तिथली बरीचशी हिरवाई गिरिपुष्पाची, म्हणजे मध्य अमेरिकेतून आलेल्या झाडाची आहे. ते झपाट्याने वाढते, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून वनीकरणात त्याची सर्रास लागवड झाली. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या, खुरट्या झुडपांच्या आणि विरळ वृक्षांच्या. हिरवे दिसते ते सगळे जंगल नव्हे, हे विद्यार्थ्याला इथे तासाभरात दिसू शकते. अर्थात सोबत जाणकार शिक्षक हवा, आणि खरी वानवा त्याचीच आहे. हा विषय पुष्कळदा ज्याचा तास रिकामा असेल त्याच्या गळ्यात पडतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून आयोगाने २०२३ मध्ये पदवी स्तरासाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत हवामानबदलाला ठळक स्थान असून क्षेत्रकार्यही कायम आहे. पदवीनंतर या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने निसर्गसंवर्धनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्याला कोणत्याही शाखेचे पदवीधर, नोकरदारही बसले.