ऊलाँगची पारख : पेठ, पाणी आणि वेळ

१. व्याप्ती
सातारा-सांगलीच्या बाजारात चहा जोखतात तो रंगावर आणि कडकपणावर, कारण तो दूध-साखर घालून उकळायचा असतो. त्या कामाला सीटीसीचा दाणाच योग्य. ऊलाँगला ही मोजपट्टी चालत नाही. हिरव्या चहात पानाचे ऑक्सिडीकरण जवळजवळ होऊच देत नाहीत, काळ्या चहात पुरते होऊ देतात. ऊलाँगमध्ये ते साधारण १० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी उष्णता देऊन थांबवतात. एवढा मोठा पल्ला एकाच नावाखाली येतो, म्हणून ऊलाँगची एक ठराविक कृती नाही. पान कुठे थांबवले, कसे वळले आणि किती भाजले, यावर कृती ठरते. आणि ही माहिती दुकानदाराकडूनच मिळते.

२. दुकानदार
त्याला बाग, तोडणीचा हंगाम आणि भाजणी विचारावी. ‘एक नंबर माल’ हे उत्तर नव्हे. दुसरी कसोटी साठवणीची. चहाचे पान आजूबाजूचा वास आणि ओल चटकन ओढून घेते. सांगली ही हळदीची पेठ. मसाला, उदबत्ती आणि सुटा चहा एकाच फळीवर ठेवणाऱ्याकडून ऊलाँग घेऊ नये. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात उघडा डबा लवकर सादळतो. हलक्या भाजणीचा माल काही महिन्यांतच वास गमावतो, जास्त भाजलेला अधिक टिकतो. म्हणून आधी ५० ग्रॅमच घ्यावा.

३. पाणी
उंची दर ३०० मीटरने वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. सांगलीत पाणी साधारण ९८ अंशांना उकळते, महाबळेश्वरात साधारण ९५.५ अंशांना. उघड्या भांड्यात आधण कितीही वेळ ठेवले तरी ही तूट भरून निघत नाही. किटली आधी गरम करून घेणे आणि वेळ किंचित वाढवणे एवढेच हाती उरते. जत-आटपाडीकडे बोअरचे पाणी जड लागले, तर त्यातले बायकार्बोनेट चहाचा रंग काळपट करते आणि चव बोथट. असे पाणी उकळून निवू द्यावे, तळाचा साका टाकून पुन्हा तापवावे. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असतील तर चहा पोकळ लागतो. त्यात थोडे नळाचे पाणी मिसळावे.

४. कृती
लहान किटलीत १०० मिलिलिटर पाण्याला ५ ग्रॅम पान घ्यावे.
(अ) गोळी वळलेले पान (तैवानचे डोंगरी चहा, तिएगुआनयिन) सावकाश उलगडते. नुकते उकळलेले पाणी आणि पहिल्या वेळी ४०-५० सेकंद द्यावेत.
(आ) लांब पिळाचे, भाजलेले वुयी पान लगेच सुटते. १५-२० सेकंद पुरतात.
(इ) फिनिक्स डोंगराचा दानचोंग सर्वांत अवघड. सुगंधाला उष्णता हवी, पण तीच उष्णता कडवटपणाही भराभर काढते. इथे पाणी निववण्याआधी वेळ १० सेकंदांपर्यंत आणावा.
प्रत्येक पुढच्या पाण्याला थोडा वेळ वाढवत तेच पान चार-पाच वेळा वापरता येते.

५. दोषनिदान
कडू झाला तर वेळ कमी करावा, तरीही कडूच तर पान कमी. पाणचट झाला तर आधी पाण्याचा ताव पाहावा, मग वेळ. एका खेपेला एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कारण सापडत नाही. वेळ, ताव, पाणी सगळे बदलूनही वास येत नसेल, तर दोष मालात आहे; नवी पुडी दुसऱ्या दुकानातून आणावी.