लढाईतला सूर कोणाचा?

गीतेचा पहिला अध्याय आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उपदेशाला आरंभ होण्यापूर्वी त्यात एक मोठा गलबला आहे. त्याकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही. भीष्म शंख फुंकतात, मागोमाग भेरी, पणव, आनक, गोमुख अशी वाद्ये एकदम वाजू लागतात, पांडवांकडचे शंख त्यांना उत्तर देतात, आणि त्या घोषाने धृतराष्ट्राच्या पुत्रांची काळजे फाटली असे संजय सांगतो. अजून एक बाणही सुटलेला नाही! आपल्या लोकांना चेव आणायचा आणि शत्रूला धडकी भरवायची, हे रणवाद्यांचे दुहेरी काम इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल. पुढे नगारे, कर्णे, शिंगे यांनी शेकडो वर्षे तेच काम केले. लढाई संपली की शाहिराची पाळी येई. उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जाणारा अज्ञानदासाचा पोवाडा अफझलखानाच्या वधावरचा आहे. पराक्रम मैदानात घडतो खरा, पण तो गावोगाव पोचतो तो डफावर.

तथापि आज श्रोत्यांपुढे आम्हांला जो प्रश्न ठेवायचा आहे, तो नभोवाणी आल्यानंतर खऱ्या अर्थाने उभा राहिला. नगाऱ्याचा आवाज फार तर कोसभर जाई. नभोवाणीचा आवाज सीमा, खंदक, तारांची कुंपणे यांना न जुमानता थेट शत्रूच्या राहुटीत शिरू लागला. साहजिकच सरकारांनी गाण्यांना दारूगोळ्याच्या यादीत जमा केले. पण तलवार ज्याच्या मुठीत असेल त्याचेच ऐकते. सूरही तसा मुठीत राहतो का? दुसऱ्या महायुद्धाने या प्रश्नाची उत्तरे दिली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिले उदाहरण एका साध्या गाण्याचे. हान्स लाइप या जर्मन कवीने १९१५ साली, रशियाच्या आघाडीवर जाण्यापूर्वी, बराकीच्या दाराशी दिव्याखाली प्रेयसीला भेटणाऱ्या शिपायाची कविता लिहिली. नॉर्बर्ट शुल्त्से याने १९३८ मध्ये तिला चाल लावली आणि पुढच्या वर्षी लाले आन्डरसेन या गायिकेने ती गायिली. तेच हे 'लिली मार्लीन'. त्या वेळी तबकडी जेमतेम खपली. १९४१ साली जर्मनीने युगोस्लाव्हिया घेतला आणि बेलग्रेडला सैनिकांसाठी नभोवाणी केंद्र सुरू केले. तेथे ही तबकडी वाजू लागली आणि पाहता पाहता सैन्याला तिचे वेड लागले. प्रचारमंत्री गोबेल्सला हे गाणे मुळीच पसंत नव्हते. त्यात शत्रू नाही, विजय नाही, पितृभूमी नाही. आहे ती एक पोरगी आणि एक दिवा! पण शिपायांच्या पत्रांपुढे त्याचे चालले नाही, आणि रात्री दहाच्या सुमारास हे गाणे नेमाने लागू लागले.

आफ्रिकेच्या वाळवंटात पलीकडच्या बाजूला ब्रिटिशांचे आठवे सैन्य होते. त्यात हिंदी पलटणीही होत्या. तेथले इंग्रज शिपाईही रात्री तेच केंद्र लावून तेच गाणे ऐकू लागले. जर्मन गाणे आपले जवान गुणगुणतात हे लाजिरवाणे वाटून अखेरीस इंग्रजी शब्द रचून घेण्यात आले. जर्मनीत जन्मलेली आणि हिटलरविरोधी असलेली नटी मार्लेन डीट्रिख हिने तेच गाणे अमेरिकन हेरखात्यासाठी गायिले, ते जर्मन शिपायांचे मन खचावे म्हणून! आणि मूळ गायिकेवर तिच्याच सरकारची मर्जी १९४२ मध्ये फिरली व काही काळ तिला गाण्याची बंदी झाली. गंमतीची गोष्ट अशी की याच शुल्त्सेने १९४० साली इंग्लंडवर बाँब टाकण्याचे एक जोशपूर्ण रणगीत सरकारी मागणीवरून रचले होते. ते आज इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कोणाच्या कानी पडत नाही.

मोठ्या संगीताचीही अशीच ओढाताण झाली. व्हिक्टर द लाव्हले या बेल्जियन गृहस्थाने १९४१ च्या जानेवारीत लंडनच्या नभोवाणीवरून आपल्या देशबांधवांना विजयाचे चिन्ह म्हणून 'व्ही' हे अक्षर भिंतींवर काढण्यास सांगितले. तारायंत्राच्या मोर्स लिपीत हे अक्षर तीन आखूड आणि एक लांब ठोका असे असते, आणि बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा आरंभही नेमका तसाच आहे. ते चार ठोके मग लंडनहून यूरोपभर रात्रंदिवस वाजू लागले. बेथोव्हेन जर्मन, आणि त्याचे सूर जर्मनीच्या विरुद्ध! पण पुढे १९४३ च्या फेब्रुवारीत स्टालिनग्राडला आपल्या सैन्याचा नाश झाल्याचे जर्मन नभोवाणीला जाहीर करावे लागले, तेव्हा त्या बातमीनंतर कोणती रचना वाजविली असेल? त्याच पाचव्या सिंफनीचा दुसरा भाग.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की संगीत हे स्वभावतःच उदात्त असून ते जुलमी माणसाच्या हाती राहत नाही. ही समजूत आम्हांला मान्य नाही. ऑश्विट्झच्या छळछावणीत १९४३ साली स्त्री-कैद्यांचा एक वाद्यवृंद उभा करण्यात आला. आल्मा रोझे ही व्हिएन्नाची नामांकित व्हायोलिनवादक, संगीतकार मालरची भाची, त्याची संचालिका झाली. सकाळी मजुरीला जाणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या कैद्यांच्या तांड्यांसाठी वेशीजवळ कूचगीते वाजविणे हे या वृंदाचे मुख्य काम. अर्धमेल्या बायकांची पावले एका ठेक्यात पडावीत आणि मोजणी सोपी जावी, एवढाच त्याचा उपयोग. तेथे कोणाचे मतपरिवर्तन करावयाचे नव्हते. संगीत छान चालले होते, वादक कसलेले होते, आणि त्या ठेक्याने छळाच्या कारभाराला मदतच झाली. वाद्य हाती होते म्हणून त्यांतल्या बऱ्याच जणी जगल्या, हेही तितकेच खरे. आल्मा स्वतः १९४४ च्या एप्रिलमध्ये त्या छावणीतच वारली.

आता लेनिनग्राडकडे वळू, कारण प्रश्नाची खरी गुंतागुंत तेथे दिसते. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मनांचा वेढा पुरा झाला. त्याच सुमारास दिमित्री शोस्ताकोविच हा संगीतकार शहरात बसून आपली सातवी सिंफनी लिहीत होता. १७ सप्टेंबरला त्याने नभोवाणीवरून नगरवासीयांना सांगितले की दोन भाग लिहून झाले आहेत. आजच्या श्रोत्याला यात विशेष वाटणार नाही. पण बाहेर तोफा चालू असताना एक मनुष्य आपले रोजचे काम करीत आहे, हे ऐकूनच त्या लोकांना धीर आला असला पाहिजे. ऑक्टोबरच्या आरंभी सरकारने त्याला विमानाने बाहेर काढले व कुइबिशेव्ह येथे डिसेंबरअखेर त्याने रचना पुरी केली.

शहरात उरले त्यांचे हाल सांगवत नाहीत. २० नोव्हेंबरपासून महिनाभराहून अधिक काळ, काम न करणाऱ्या माणसाला दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव मिळत असे, आणि त्यातही पीठ थोडे, भेसळ फार. तेवढ्या एका हिवाळ्यात लाखो माणसे भुकेने गेली. नभोवाणीवर बोलण्याची शक्ती असलेले लोक कमी झाले, कार्यक्रम तुटक झाले. मधल्या वेळात ताल मोजण्याच्या यंत्राचा नुसता ठोका ऐकू येई. संथ ठोका म्हणजे धोका नाही, जलद ठोका म्हणजे विमाने आली. शहर जिवंत आहे एवढेच तो ठोका सांगत असे. लढाईतल्या संगीताचे याहून निर्वस्त्र रूप आमच्या वाचनात नाही.

लेनिनग्राडचा मुख्य वाद्यवृंद आधीच दूर सायबीरियात हलविला गेला होता. उरला होता नभोवाणीचा दुय्यम वृंद आणि त्याचा संचालक कार्ल एलियासबर्ग. १९४२ च्या वसंतात त्याने वादक गोळा करावयास घेतले, तेव्हा वाजविण्याजोगे सुमारे पंधराच निघाले. पहिली तालीम पाव तासात थांबवावी लागली. फुंकवाद्ये वाजविणाऱ्यांच्या छातीत हवाच नव्हती. सिंफनीला तर शंभराच्या आसपास वादक हवेत. मग आघाडीवरच्या लष्करी बँडांतून माणसे बोलाविली, वादकांना जादा शिधा दिला. स्वरलेखनाची प्रत विमानाने वेढ्यावरून आत आली आणि प्रत्येक वाद्याचा भाग हातांनी उतरवून काढला गेला. तालमींच्या त्या महिन्यांत काही वादक दगावले.

९ ऑगस्ट १९४२ हा दिवस ठरला. त्याच दिवशी शहर जिंकून मेजवानी झोडण्याचा हिटलरचा बेत होता अशी कथा मोठ्या चवीने सांगतात. तिला भक्कम आधार दिसत नाही, आणि तिची गरजही नाही. सेनापती गोव्हरोव्हने त्या संध्याकाळी जर्मन तोफांच्या ठाण्यांवर एवढा मारा केला की सिंफनी चालू असता तिकडून सभागृहावर गोळे येऊ नयेत. एका मैफलीसाठी तोफखान्याने बंदोबस्त ठेवावा, असे दुसरे उदाहरण शोधावे लागेल! ध्वनिवर्धकांतून ते सूर शहरभर आणि खंदकांपलीकडे जर्मनांपर्यंतही पोचविण्यात आले.

हा प्रचार होता का? निःसंशय होता. आधीच त्या स्वरलेखनाची मायक्रोफिल्म तेहरान व कैरोच्या मार्गाने पश्चिमेकडे पाठविली गेली होती. लंडनला जूनमध्ये ती सिंफनी वाजली, आणि १९ जुलैला न्यूयॉर्कच्या नभोवाणीवरून तोस्कानिनीने ती अमेरिकेला ऐकविली. 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर शोस्ताकोविच आग विझविणाऱ्या जवानाचे शिरस्त्राण घालून झळकला. रशियाला दोस्तांची सहानुभूती हवी होती, दुसरी आघाडी हवी होती. सिंफनी त्या कामी आली. ज्या राजवटीने १९३६ मध्ये त्याच्या ऑपेराला 'प्राव्दा'तून झोडपले होते तीच आता त्याला मिरवीत होती, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत तिनेच त्याला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. लढाईपुरता गौरव, लढाई संपताच फटके: हा हिशेब सरकारचा.

पण सभागृहात बसलेल्यांचा हिशेब निराळा होता. पहिल्या भागात लहानशा ढोलाच्या एकसारख्या ठेक्यावर एक जवळजवळ पोरकट चाल येते आणि पुनःपुन्हा, दर वेळी थोडी मोठी होत, अखेर सगळे सभागृह व्यापते. सरकारने सांगितले, ही जर्मनांची स्वारी. पुढे १९७९ मध्ये पश्चिमेत प्रसिद्ध झालेल्या, शोस्ताकोविचच्या म्हणून दिलेल्या आठवणींत म्हटले आहे की ही सिंफनी हिटलरने केवळ शेवट केला त्या लेनिनग्राडची आहे. त्याचा नाश स्टालिनने आधीच आरंभिला होता. त्या आठवणींच्या अस्सलपणाविषयी जाणकारांत कडाक्याचा वाद आहे, आणि आम्ही त्यांवर भार टाकणार नाही. परंतु १९३७ च्या धरपकडीत ज्यांच्या घरची माणसे रात्री नेली गेली, असे लोक त्या सभागृहात असलेच पाहिजेत. तो चढत जाणारा ठेका ऐकताना त्यांना कोणाची पावले ऐकू आली असतील, हे कोणत्याही प्रचारमंत्र्याला ठरवून देता आले नसते.

वेढा २७ जानेवारी १९४४ रोजी उठला. मुख्य वाद्यवृंद परत आला आणि एलियासबर्ग हळूहळू मागे पडला. मानाची कामे इतरांकडे गेली. बरोबर वीस वर्षांनी, २७ जानेवारी १९६४ रोजी, १९४२ च्या त्या मैफलीतले हयात असलेले वादक पुन्हा गोळा झाले, त्याच सभागृहात बसले, आणि एलियासबर्गच्या हाताखाली त्यांनी सातवी सिंफनी वाजविली. त्या वेळी बाहेर तोफा नव्हत्या, आणि शोस्ताकोविच पुन्हा सरकारमान्य झालेला होता.