लंडनची रुग्णवाहिका सेवा आणि मेमरीची गळती

४ नोव्हेंबर १९९२. पहाटे दोनचा सुमार. लंडन रुग्णवाहिका सेवेच्या नियंत्रण कक्षातील संगणक आधी मंदावले आणि थोड्याच वेळात पूर्णपणे ठप्प झाले. कर्मचाऱ्यांनी शिकवल्याप्रमाणे आपापल्या मेजावरची यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली. उपयोग शून्य. अखेर कागद, दूरध्वनी आणि तोंडी आदेश यांवर काम सुरू झाले.

सुमारे ६०० चौरस मैलांचे क्षेत्र, ६८ लाख रहिवासी आणि दिवसाला दोन ते अडीच हजार कॉल, असा या सेवेचा व्याप होता. वेळ पहाटेची नसती, तर परिणाम किती गंभीर झाला असता याची कल्पना यावरून येते.

या सेवेचे नाव सॉफ्टवेअरच्या इतिहासात निघते ते मात्र आठवडाभर आधीच्या घटनेमुळे. २६ ऑक्टोबरला नवी संगणकीकृत व्यवस्था पूर्णपणे सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला. वाहने नेमकी कुठे आहेत याची चुकीची माहिती, पडद्यावर साचत जाणाऱ्या सूचना, उशिरा पोहोचणाऱ्या रुग्णवाहिका. त्याच आठवड्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. वृत्तपत्रांचे सारे लक्ष तिकडे लागले, हे स्वाभाविकच होते.

फेब्रुवारी १९९३ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला, आणि त्यातला निष्कर्ष चकित करणारा होता. तांत्रिक अर्थाने यंत्रणा २६ ऑक्टोबरला कोसळलीच नव्हती. ती कोसळली ४ नोव्हेंबरला. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी काही दुरुस्ती करताना एका प्रोग्रामरकडून कोडचा एक तुकडा अनवधानाने यंत्रणेत राहून गेला होता. प्रत्येक वेळी रुग्णवाहिका रवाना करण्याचा आदेश तयार झाला की फाइल सर्व्हरची थोडीशी मेमरी वापरली जाई आणि ती पुन्हा मोकळी होत नसे.

दप्तरखान्यातून एक रुमाल मागवावा, काम झाल्यावर तो परत न करता मेजावरच ठेवावा आणि उद्या नवा मागवावा, असा हा प्रकार. कागद एकही खराब नसतो. तरी एके दिवशी काम थांबते, कारण मेजावर जागाच उरत नाही.

तीन आठवडे मागे मोजले, तर तारीख ऑक्टोबरच्या मध्यावर जाते. म्हणजे २६ तारखेच्या गदारोळातही ही गळती चालूच होती. आणखी एक गोष्ट: मेमरी गळत होती सर्व्हरमध्ये, बंद-चालू झाली ती मेजावरची यंत्रे. राखीव सर्व्हरने काम आपोआप हाती घ्यायला हवे होते, तेही घडले नाही.

अहवालाने निष्काळजीपणावर आणि बदललेला कोड न तपासण्यावर बोट ठेवले. पण त्याच अहवालातले दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे: नेहमीच्या चाचण्यांत हा दोष सापडण्याची शक्यता कमीच होती. चाचणी काही तासांत संपते. गळतीला आठवडे लागतात. ती पकडायची तर कामांची संख्या आणि व्यापलेली मेमरी यांची नोंद दिवसेंदिवस शेजारी-शेजारी ठेवावी लागते. काम ओसरल्यावरही मेमरी खाली येत नसेल, तर संशयाला जागा आहे.

योगायोग असा की १९९२ मध्येच गळती शोधणाऱ्या ‘प्युरिफाय’ या साधनाची माहिती देणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक रीड हेस्टिंग्ज, पुढे नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक! ते साधन मात्र युनिक्सच्या जगातले. लंडनची व्यवस्था विंडोजवर चालत होती.

पुढे हाच आजार वेब सर्व्हरना जडला. १९९५ मध्ये अवतरलेल्या अपाचेने त्यावर दोन उपाय योजले. पहिला: प्रत्येक विनंतीसाठी मेमरीचा वेगळा साठा आणि विनंती संपताच तो सगळा एकदम रिकामा. दुसरा उपाय जरा निष्ठुर. ‘मॅक्सरिक्वेस्ट्सपरचाइल्ड’ या नियमानुसार ठरावीक विनंत्या हाताळल्या की ती प्रक्रिया संपवायची आणि तिच्या जागी नवी जन्माला घालायची. संपलेल्या प्रक्रियेची सारी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते. हे पथ्य झाले, निदान नव्हे. शिवाय प्रक्रियेबरोबर पुरावाही नाहीसा होतो. तरीही असंख्य संकेतस्थळे या पथ्यावर तगली.

२२ ऑक्टोबर २०१२, लंडनच्या गोंधळाला जवळजवळ वीस वर्षे पूर्ण होत असताना, अमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील साठवण सर्व्हरची मेमरी अशीच संपत गेली आणि रेडिटसारखी मोठी संकेतस्थळे कोलमडली. माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बदलला होता. त्याचा नवा पत्ता सगळीकडे पोहोचला नाही. साठवण सर्व्हरवरचा माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहिला आणि त्या निष्फळ प्रयत्नांत थोडी थोडी मेमरी गळत गेली. धोक्याची सूचना वाजली नाही. त्या सर्व्हरची मेमरी एरवीही जवळपास पूर्ण वापरात असे, त्यामुळे भरलेले मेज पाहून कोणाला वावगे वाटण्याचे कारणच नव्हते.