खपल्या पडेपर्यंत

औरंगाबादच्या बेगमपुऱ्यात कुणाच्या लेकराला देवी आल्या, की माझ्या आजीला बोलावणं यायचं. निजामाच्या राज्यातला तो काळ. खाम नदीच्या अल्याड-पल्याड, पार जयसिंगपुऱ्यापर्यंत ती जायची. हिंदू घरातून बोलावणं यायचं, तसं मुसलमान घरातूनही यायचं. आजी वैदू नव्हती की सुईण नव्हती. तिच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत देवीचे वण होते आणि डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. एवढीच तिची पात्रता. लहानपणी, पैठणकडच्या माहेरी, तिला देवी आल्या होत्या. त्याच साथीत तिची दोन भावंडं गेली, ती राहिली.

"एकदा आई येऊन गेली, की त्या माणसाला ती पुन्हा हात लावत न्हाई," असं ती सांगायची. म्हणून तापलेल्या, फोडांनी भरलेल्या लेकराच्या उशाशी ती बिनधास्त बसायची. त्या लेकराच्या सख्ख्या आईला बसता यायचं नाही. तिला देवी आलेल्या नसल्या तर आजी तिला उंबऱ्याबाहेरच थांबवायची.

तिचे नियम ठरलेले असत. दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधायच्या, म्हणजे येणाऱ्याला लांबूनच कळतं. घरात फोडणी द्यायची नाही. पाहुणा आत घ्यायचा नाही. खोलीत वावरायचं ते एकट्या वणवालीनं. आणि शेवटची खपली पडेपर्यंत लेकराला न्हाऊ घालायचं नाही, त्याला बाहेरही काढायचं नाही. खपल्या पडायला तीन आठवडे लागत. तोवर आजीचा मुक्काम त्या घरी. इकडे आमच्या घरची चूल जावा सांभाळत.

पुढे मी वैद्यकातलं थोडंफार वाचलं, तेव्हा या नियमांपैकी एक वाचून मी बराच वेळ थबकले. देवीचा विषाणू रोग्याच्या श्वासातून आणि फोडांतून पसरतो, वाळलेल्या खपलीतही तो असतो. म्हणून अंगावर पुरळ उठल्यापासून शेवटची खपली गळेपर्यंत रोगी इतरांना बाधा देऊ शकतो, असं डॉक्टरही मानत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी ही मुदत बरोबर ओळखली होती. फोडणीचा रोगाशी संबंध नाही, तो भाग श्रद्धेचा. पण दारावरचा कडुनिंब आणि आत एकटीच वणवाली, ही चोख व्यवस्था होती. त्या व्यवस्थेत शहाणपण नव्हतं, असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही.

आजीच्या अंगात काय घडलं होतं, ते आज सांगता येतं. अनोळखी विषाणू शिरला, की आधी शरीराची सरसकट फौज धावते. ताप त्याच धावपळीचा. ही फौज समोर येईल त्यावर तुटून पडते, शत्रू नेमका कोण ते तिला कळत नाही. तेवढ्यात विषाणूचे काही अवशेष काखेतल्या, जांघेतल्या, मानेतल्या गाठींपर्यंत पोचतात. जखम झाली की काखेत किंवा जांघेत अवधाण येतं ना, ते याच कामामुळे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी ज्यांना बी पेशी म्हणतात, त्यांच्यात लाखो तऱ्हा असतात. प्रत्येकीला वेगळाच आकार पकडता येतो. त्यातल्या ज्या थोड्यांची या विषाणूशी गाठ जुळते, त्या गाठींमध्ये भराभर वाढतात, वाढताना किंचित बदलतात, आणि मग सुपात धान्य पाखडावं तशी त्यांची निवड होते. पक्की पकड असलेल्या राहतात, हलक्या पकडीच्या बाहेर पडतात. राहिलेल्या पेशी प्रतिपिंडं सोडतात. ही प्रतिपिंडं विषाणूला चिकटून त्याची वाट अडवतात. त्यांच्या जोडीला टी पेशी असतात. विषाणूनं घर केलेल्या आपल्याच पेशी शोधून त्या मारून टाकतात. या सगळ्याला आठवडा, दोन आठवडे लागतात. देवीच्या रोगात तेवढ्या वेळात दहातली तीनेक माणसं जात. जो वाचे, त्याच्याकडे मात्र या पेशींतल्या काही मागे राहत. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. प्रतिपिंडं करणाऱ्या काही पेशी तर हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं काम करत राहतात.

हीच आठवण, रोग न भोगता मिळवून द्यायची, एवढंच लसीचं काम.

थोरल्या काकांची गोष्ट आमच्या घरात पुन्हा पुन्हा सांगितली जायची. ते दोन-अडीच वर्षांचे असताना वाड्यातल्या चुलत भावाला देवी आल्या. दोघं एका अंथरुणात झोपणारे. तिसऱ्या दिवशी सरकारी टोचणारा वाड्यात आला. बायकांनी पोरं लपवली. काकांना धान्याच्या कणगीत बसवलं. आजीनं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं आणि टोचणाऱ्यापुढे केलं. सासू संतापली. आई घरात आलेली असताना लोखंड लावणं म्हणजे तिचा अपमान, असं तिचं म्हणणं. आजी एवढंच म्हणाली, "माझ्या दोघा भावंडांना टोचलं नव्हतं."

टोचणाऱ्याकडे दांडीला लावलेली बारीक दातेरी चकती असे. दंडावर लस लावायची आणि चकती तिथं दाबून फिरवायची. पोर किंचाळायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथं लाल पुळी आली, आठवड्यात तिचा फोड झाला, काखेत अवधाण आलं, ताप भरला, आणि तिसऱ्या आठवड्यात खपली पडून दंडावर गोल वण राहिला. काकांना देवी आल्या नाहीत. आजी याचं श्रेय अर्धं कर्णपुऱ्याच्या देवीला द्यायची आणि अर्धं त्या टोचणाऱ्याला. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत ती काकांच्या नावानं ओटी भरायची, आणि टोचणारा पुन्हा गल्लीत आला तेव्हा तिनं त्याला बसवून दूध प्यायला दिलं.

बाधा होऊन गेल्यावर टोचून काय उपयोग, असं कुणालाही वाटेल. पण देवीचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण बारा दिवस जात. लसीतला विषाणू देवीचा नव्हे, त्याच्या गोतातला, माणसाला फारसं न छळणारा. तो थेट कातडीत सोडला, की शरीर लगेच कामाला लागे. पहिल्या तीन-चार दिवसांत टोचलं तर शरीर बहुतेकदा शर्यत जिंकायचं. पुढे जगातून देवी हटवली ती याच सवडीच्या जोरावर: रोगी शोधायचा आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना ताबडतोब टोचायचं.

ही लस आपल्याकडे आली तीही माणसांच्या दंडांवरून. इंग्लंडात एडवर्ड जेन्नरनं १७९६ साली गवळणीच्या हातावरच्या गोस्तनदेवीच्या फोडातलं द्रव्य एका मुलाला टोचलं होतं. इथवरच्या समुद्रप्रवासात ते द्रव्य उन्हानं निकामी व्हायचं. म्हणून ते माणसामागून माणसाच्या दंडावर जिवंत ठेवत बगदाद, बसरामार्गे मुंबईला आणलं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ते लागू पडलं. तिच्या फोडातून पुढच्या मुलांना टोचलं, आणि असं करत करत लस हैदराबाद, मद्रासपर्यंत गेली. त्या तीन वर्षांच्या पोरीला कुणी काही विचारलं नसणार. आपण सगळे तिचं देणं लागतो, आणि तिचं नाव आपल्या पोरांना माहीतसुद्धा नाही.

आजोबांच्या चुलत्यांकडे गोष्ट असायची ती प्लेगाची. उंदीर पडायला लागले, की अख्खं गाव उठून माळावर खोपटी घालायचं. ते गावाकडे परत कधी यायचं, यावर त्यांच्या म्हातारपणीही वाद चालायचे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी तिथं त्याची लस केली. रश्शात तुपाचे थेंब सोडून त्याखाली ते जंतू वाढवत, मग तापवून मारत. मेलेल्या जंतूंची ही लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० मार्चला, प्लेगाच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. मुंबई ते पुणे एवढंच अंतर, पण लस अजून सगळ्यांपर्यंत पोचायची होती.

माझ्या स्वतःच्या दंडावर दोन वण आहेत. माझ्या लेकीच्या दंडावर देवीच्या लसीचा वण नाही, कारण तिला त्याची गरज उरली नाही. १९७४ साली भारतात देवीचे सुमारे १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले आणि ३१ हजारांहून जास्त माणसं गेली. दुसऱ्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, आसामात देशातला शेवटचा रोगी सापडला. त्या काळात देवीचा रोगी दाखवा आणि हजार रुपये मिळवा, अशी भित्तिपत्रकं लागली होती. फोडांनी भरलेल्या लेकराचं चित्र हातात धरून आरोग्यसेवक बाजारात, शाळेत, घरोघर विचारत फिरायचे. १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. आजीला मी ते सांगितलं. ती काही बोलली नाही, तिनं मला पुन्हा सांगायला लावलं.

एकदा येऊन गेलेला रोग पुन्हा हात लावत नाही, हे आजीचं म्हणणं तिच्याही आधी एका डॉक्टरनं कागदावर मांडलं होतं. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १८४६ साली गोवराची साथ आली. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथं गेला. पावणेआठ हजारांच्या वस्तीत सहा हजारांवर माणसं आजारी पडली होती. त्यानं म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलून पाहिलं. त्याआधीची साथ १७८१ सालची. तेव्हा ज्यांना गोवर निघाला होता, त्यांना पासष्ट वर्षांनीही काही झालं नाही. तेव्हा सुटलेल्या म्हाताऱ्यांना मात्र आता निघाला. बेटांवर मधल्या काळात गोवर फिरकलाच नव्हता, म्हणजे आठवण ताजी करायलाही कुणी आलं नव्हतं.

मग कोविडची लस दोनदा घेऊनही माणसं आजारी कशी पडली? हा प्रश्न आमच्या शहरात फार विचारला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर इथं एक तरी डोस घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस, रेशन मिळणार नाही, असा जिल्हा प्रशासनाचा आदेश निघाला, कारण जिल्हा लसीकरणात राज्याच्या मागे पडला होता. मला वाटतं, आदेशानं रांग लागते, शंका मात्र तशीच रांगेत उभी राहते. उत्तर पुन्हा सवडीचंच आहे. देवी आणि गोवर अंगात शिरून दिसू लागायला दहा-बारा दिवस घेतात. तेवढ्यात स्मृतिपेशी जाग्या होऊन काम उरकतात. कोविडचा विषाणू नाकाघशात दोन-चार दिवसांतच पसरतो, शिवाय रूप बदलत राहतो. रक्तातली प्रतिपिंडं काही महिन्यांत उतरली, की तो नाकात शिरकाव करतो. पण फुप्फुसांपर्यंत पोचायला त्याला आणखी दिवस लागतात आणि तिथं बहुतेकदा स्मृतिपेशी त्याला गाठतात. म्हणून सर्दीताप झाला तरी लस घेतलेल्यांवर ऑक्सिजन लावायची वेळ फार कमी आली.

गोवराला आजी देवीपेक्षा कमी लेखत नव्हती, हे मला लहानपणी विचित्र वाटायचं. गोवर तर सगळ्यांनाच निघायचा. पण तिचं म्हणणं, गोवर गेला तरी लेकराला पुढं वर्षभर जपायचं. त्याच्या मागून खोकला येतो, हगवण येते, आणि गोवरातून वाचलेलं लेकरू त्यात जातं. हे अनुभवाचे बोल किती खरे होते, ते २०१९ मध्ये कळलं. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि गोवरानंतर तपासलं गेलं. गोवरानंतर त्यांच्यातली आधीच्या रोगांविरुद्धची प्रतिपिंडं ११ पासून ७३ टक्क्यांपर्यंत पुसली गेली होती. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींवरच घाव घालतो. मूल आधी जे जे सोसून शिकलेलं असतं, ते त्यातलं बरंच विसरतं आणि त्याला पुन्हा सगळं सोसावं लागतं. लसीतल्या मवाळ विषाणूमुळे असं होत नाही.

गोवर एका माणसाकडून बारा ते अठरा जणांना लागू शकतो, म्हणून वस्तीतली पंच्याण्णव टक्के पोरं टोचलेली असावी लागतात. २०२२ च्या अखेरीला मुंबईत गोवंडीकडे, मालेगावात, भिवंडीत साथ आली, ती हा आकडा घसरल्यामुळे. त्या दिवसांत आमच्या शेजारची सून लेकराला घेऊन माझ्याकडे आली. लेकरू सात महिन्यांचं.

"काकू, साथ आहे म्हणतात. मग नऊ महिने पुरे व्हायची वाट कशाला बघायची? आत्ताच टोचून घेऊ का?"

"अगं, तुझीच प्रतिपिंडं त्याच्या अंगात आहेत अजून. पोटात असताना वारेतून गेलेली. लसीतला विषाणू ती आधीच मारून टाकतील, मग लेकराचं शरीर शिकणार काय? नवव्या महिन्यापर्यंत ती बरीच उतरतात."

"मग माझीच पुरतील की त्याला."

"आता जेमतेम उरली असतील. तुला लस दिलेली का लहानपणी?"

तिला ते माहीत नव्हतं. तिनं तिथंच बसून जालन्याला आईला फोन लावला. आईनं सांगितलं, दिलेली, घाटी दवाखान्यात नेऊन. पण एकदाच.

नवव्या महिन्यातला डोस शंभरात पंच्याऐंशी पोरांनाच नीट लागू पडतो, उरलेल्या पंधरांसाठी सोळाव्या महिन्यानंतर दुसरा द्यायचा असतो, हे मी तिला सांगितलं. साथ आपल्या भागात शिरली तर सहाव्या महिन्यानंतर जादा डोस देता येतो, पण तो हिशेबात धरत नाहीत. तो निर्णय डॉक्टरांना विचारून घे, असंही सांगितलं. तिनं लसीकरणाचं कार्ड उघडून दोन्ही रकान्यांखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि आशाताईंचा नंबर माझ्याकडून मागून घेतला.