न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचा भरवसा



ले-ऑफच्या बातम्या आल्या की एक प्रश्न हमखास येतो: "त्या फ्रीलान्सिंगच्या साइटवर खरंच क्लायंट मिळतात का हो?" उत्तराआधी थोडा इतिहास सांगतो.

सुरुवात आमच्या न्यू जर्सीतलीच. १९९९ मध्ये मुंबई आयआयटीचे बीरुद शेठ आणि श्रीनि अनुमोलु यांनी जर्सी सिटीतल्या एका अपार्टमेंटमध्ये 'ईलान्स' सुरू केली. २००१ मध्ये फ्लोरिडात 'रेंट-अ-कोडर' आली. अडचण दोघांचीही एकच: माणूस न पाहता पैसे द्यायचे कसे, आणि पैसे न पाहता कोड लिहायचा कसा? तोडगा निघाला एस्क्रोचा. गिऱ्हाइकाने रक्कम आधी साइटकडे ठेवायची, काम पसंत पडलं की ती कोडरला. घासाघीस आठवडी बाजारासारखीच, फक्त मधे पंच बसलेला.

२००३ मध्ये दोन ग्रीक मित्रांनी 'ओडेस्क' काढली. तिथे तासावर बिल, पण त्या बदल्यात दर दहा मिनिटांतून एकदा तुमच्या स्क्रीनचा फोटो! मला हे मुकादम डोक्यावर उभा असल्यासारखं वाटतं. पण नवख्या पोरांना केलेल्या तासांचे पैसे मिळण्याची खात्री आली ती यामुळेच.

२०१४ मध्ये ईलान्स आणि ओडेस्क एक झाल्या, २०१५ मध्ये त्यांचं नाव 'अपवर्क' झालं. पुढची गंमत कमिशनची. २०१६ पासून एका क्लायंटच्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, मग १०,००० पर्यंत १०, त्यापुढे ५. म्हणजे जुनं गिऱ्हाईक टिकवणाऱ्याला बक्षीस. २०२३ मध्ये सरसकट १० टक्के झाले आणि ते बक्षीस गेलं. शिवाय तिथे भेटलेला क्लायंट दोन वर्षांच्या आत बाहेर न्यायचा तर वेगळी फी.

तेव्हा माझं उत्तर असं: क्लायंट मिळतात, पण नियम साइटचे, आणि ते बदलतात. सगळ्यात कमी बोली लावून पहिलं काम मिळेलही. घर चालतं ते त्याच माणसाच्या पाचव्या-सहाव्या कामावर. म्हणून दहा ठिकाणी बोली लावण्यापेक्षा एकाचं काम चोख करा.

आणि एच-वन-बी वर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय यात पडूच नका. हा व्हिसा अर्ज करणाऱ्या कंपनीपुरताच असतो. चार डॉलरसाठी स्टेटस धोक्यात घालू नये.